समांतर व्हिडिओ एन्कोडिंग

समांतर व्हिडिओ एन्कोडिंग म्हणजे व्हिडिओच्या संक्षेपणाचे काम लहान भागांत विभागून ते प्रोसेसरच्या अनेक कोअरकडून एकाच वेळी करवून घेण्याची पद्धत होय. संगणकात आठ कोअर असले तरी एन्कोडिंग आठपट वेगाने होत नाही. किती कोअर प्रत्यक्ष कामाला लागतील, हे कामाची विभागणी कोठे आणि कशी केली आहे यावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

एका कामासाठी अनेक प्रोसेसर वापरण्याची कल्पना प्रथम वैज्ञानिक गणनांसाठी रूढ झाली. महाराष्ट्रातील तिचे ठळक उदाहरण म्हणजे परम ८००० हा महासंगणक. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तो १९९१ मध्ये तयार केला. त्यात ट्रान्सप्युटर या प्रकारचे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते.

पुढे एकाच चिपवर अनेक कोअर बसवले जाऊ लागले. आयबीएमचा पॉवर४ हा दोन कोअरचा प्रोसेसर २००१ मध्ये आला. २००५ मध्ये इंटेल व एएमडी यांनी घरगुती संगणकांसाठी असे प्रोसेसर बाजारात आणले. एका कोअरचा वेग वाढवत नेल्यास वीजवापर व उष्णता फार वाढते, हे त्यामागील मुख्य कारण होते. त्यानंतर कामाची विभागणी करणे ही सॉफ्टवेअरची जबाबदारी झाली.

परस्परावलंबन

व्हिडिओतील लागोपाठच्या फ्रेम बहुधा सारख्याच असतात. त्यामुळे एन्कोडर प्रत्येक फ्रेम संपूर्ण न साठवता आधी एन्कोड झालेल्या फ्रेमशी असलेला फरक साठवतो. एकाच फ्रेममध्येही प्रत्येक ठोकळ्याचा अंदाज त्याच्या डावीकडील व वरील ठोकळ्यांवरून बांधला जातो. या अवलंबनामुळेच फाइल लहान होते. मात्र आधीचा भाग पूर्ण झाल्याशिवाय पुढचा सुरू करता येत नाही.

विभागणीच्या पद्धती

फ्रेमनिहाय: एका फ्रेमचा वरचा भाग पूर्ण होताच दुसऱ्या थ्रेडवर पुढील फ्रेम सुरू होते. एच.२६४ प्रमाणासाठीचा एक्स२६४ हा एन्कोडर मूलतः याच पद्धतीने चालतो व उपलब्ध कोअरच्या दीडपट थ्रेड वापरतो. यात काही फ्रेमचा विलंब होत असल्याने थेट संभाषणासाठी ही पद्धत गैरसोयीची ठरते.

स्लाइसनिहाय: फ्रेमचे आडवे पट्टे करून प्रत्येक पट्टा वेगळ्या थ्रेडला दिला जातो. विलंब कमी होतो. परंतु पट्ट्याच्या सीमेपलीकडील ठोकळ्यांवरून अंदाज बांधता येत नसल्याने फाइलचा आकार वाढतो.

टाइलनिहाय: फ्रेम आयताकृती भागांत विभागली जाते. व्हीपी९ मध्ये टाइलची रुंदी किमान २५६ पिक्सेल असावी लागते व उभ्या स्तंभांची संख्या दोनाच्या घातांत असते. म्हणून १९२० पिक्सेल रुंदीच्या व्हिडिओत जास्तीत जास्त ४ स्तंभ पाडता येतात.

तरंगरूप: २०१३ मधील एचईव्हीसी प्रमाणात ठोकळ्यांची प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा दोन ठोकळे मागे राहून चालते. १९२० × १०८० पिक्सेलच्या फ्रेममध्ये ६४ पिक्सेलचे ३० स्तंभ व १७ ओळी, म्हणजे ५१० ठोकळे होतात. प्रत्येक ठोकळ्याला सारखाच वेळ लागतो असे मानल्यास हे काम ६२ टप्प्यांत संपते. म्हणजे कितीही कोअर असले, तरी एका फ्रेमपुरता वेग सुमारे सव्वाआठ पटीपलीकडे जात नाही. म्हणून एक्स२६५ सारखे एन्कोडर या पद्धतीला फ्रेमनिहाय विभागणीची जोड देतात.

खंडनिहाय: संपूर्ण व्हिडिओचे स्वतंत्र खंड पाडून ते वेगवेगळ्या थ्रेडवर किंवा संगणकांवर एन्कोड केले जातात व शेवटी जोडले जातात. प्रत्येक खंडाची सुरुवात स्वयंपूर्ण फ्रेमने करावी लागते आणि स्मृतीही अधिक लागते.

मर्यादा

जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, कामाचा जो भाग विभागता येत नाही तोच अखेरीस एकूण वेग ठरवतो. असा भाग १० टक्के असल्यास ८ कोअरवर वेग सुमारे ४.७ पट होतो आणि अमर्याद कोअर वापरूनही तो १० पटीच्या पुढे जात नाही.

एन्कोडर समांतर असला, तरी मूळ फाइलचे डिकोडिंग किंवा एखादे फिल्टर एकाच थ्रेडवर चालत असल्यास बाकीचे कोअर रिकामे राहतात. एफएफएमपेगच्या २०२४ मधील ७.० आवृत्तीत डिकोडिंग, फिल्टर, एन्कोडिंग इत्यादी टप्पे वेगवेगळ्या थ्रेडवर एकाच वेळी चालवण्याची व्यवस्था करण्यात आली.

लहान आकाराच्या व्हिडिओत ओळी व स्तंभ कमी असल्याने विभागणीस वाव कमी मिळतो. ६४० × ४८० पिक्सेलच्या फ्रेममध्ये तरंगरूप पद्धतीने एका वेळी फार तर ५ ओळींवर काम चालू शकते. अशा वेळी थ्रेडची संख्या वाढवण्यापेक्षा दोन-तीन फाइलींचे एन्कोडिंग एकाच वेळी चालवल्यास सर्व कोअरचा अधिक चांगला उपयोग होतो. ग्राफिक्स चिपमधील स्वतंत्र एन्कोडर वापरला असल्यास मात्र प्रोसेसरचे कोअर रिकामे दिसणे स्वाभाविक असते.