१९०६ चा प्लेग नेमका कधी शिगेला पोहोचला?

पॉडकास्टच्या या भागात आम्ही ओघात म्हणून गेलो, ‘मुंबईतला प्लेग एप्रिल १९०६ मध्ये शिगेला पोहोचला.’ बोलताना एवढं पुरतं. पण एप्रिल तीस दिवसांचा असतो, आणि त्यातली नेमकी तारीख शोधायला बसलं की कागद दोन वेगळी उत्तरं देतात. आकडे माइकवर वाचून दाखवणं ऐकणाऱ्याच्या जिवावर येतं, म्हणून तो हिशोब इथे मांडतोय.

मुंबईत प्लेग आला १८९६ मध्ये. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढे पुण्यात काय झालं, रँडचा खून, सावित्रीबाई फुल्यांचा मृत्यू, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पण प्लेग १८९७ ला संपला नाही. तो दरवर्षी हिवाळ्यात वाढायचा आणि पावसाळ्याआधी ओसरायचा. १९०५ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी नेमलेल्या आयोगाने मुंबईत उंदीर पकडून तपासायला सुरुवात केली आणि माणसांच्या मृत्यूंचे आकडे आठवड्याआठवड्याने छापले. आपल्या कामाचा तक्ता १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ असा एकतीस आठवड्यांचा आहे.

पहिल्या आठवड्यात मृत्यू ८. चौदाव्यात ६४४, पंधराव्यात ७७९, सोळाव्यात ७०२, सतराव्यात ६९५, अठराव्यात ८७०, एकोणिसाव्यात ९२५, विसाव्यात ८०२, एकविसाव्यात ५७८. मग भराभर उतार.

सर्वांत मोठा आकडा ९२५, म्हणजे २२ ते २८ एप्रिलचा आठवडा. आता दिवस कोणता? तक्त्यात दिवस नाहीतच. सात दिवसांचे मृत्यू एका चौकटीत कोंबलेले आहेत. इथे महाराष्ट्रातल्या दहावीच्या गणितातला ‘बहुलक’ कामाला येतो. सर्वांत उंच गटाच्या दोन्ही बाजूंचे गट बघायचे. ज्या बाजूचा शेजारी जास्त उंच, त्या बाजूला शिखर थोडं सरकतं. आधीच्या आठवड्यापेक्षा ९२५ हा ५५ ने जास्त, नंतरच्यापेक्षा १२३ ने जास्त. ५५ भागिले १७८, गुणिले सात दिवस: दोन दिवसांहून जरा जास्त. २२ एप्रिलला आठवडा सुरू होतो, म्हणून उत्तर आलं २४ एप्रिल. हा अंदाज आहे, नोंद नाही. प्रत्यक्षात सर्वांत जास्त माणसं कदाचित २७ ला गेली असतील. पण तक्त्यातून याहून जास्त पिळून काढता येत नाही.

दुसरं उत्तर एडिंबराहून येतं. १९२७ मध्ये विल्यम करमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी साथींच्या गणितावर एक निबंध छापला. कोव्हिडच्या काळात ‘पीक कधी येणार’ असं जे रोज विचारलं जायचं, त्यामागच्या समीकरणांची ही आजी. मॅकेंड्रिक हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत होते, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं होतं. करमॅक १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात दोन्ही डोळ्यांनी आंधळे झाले होते, म्हणजे त्या निबंधातला आलेख त्यांनी स्वतः कधी पाहिलेला नाही. आपलं समीकरण तपासायला त्यांनी घेतला तो हाच मुंबईचा तक्ता. त्यातून एक सुंदर घंटेसारखी वक्ररेषा निघाली. तिचं शिखर ८९० वर आणि सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला.

सतराव्या आठवड्यात तक्ता काय सांगतो? ६९५. दोन उंचवट्यांमधली खाच! रेषेचं शिखर नेमकं त्या खाचेवर उभं आहे.

हे पाहून ‘गणितवाल्यांनी चूक केली’ असं म्हणायचा मोह मलाही झाला. मग एकतीसही आकड्यांची बेरीज केली. साधारण ८,८५०. त्यातला अर्धा टप्पा कधी पार होतो? सतराव्या आठवड्याच्या अगदी शेवटी, १३-१४ एप्रिलच्या सुमारास. त्यांची रेषा दोन्ही बाजूंनी सारखी आहे, आणि अशा रेषेत शिखर व मधला टप्पा एकाच जागी येतात. म्हणजे तिने शिखर म्हणून जे दाखवलं तो खरं तर मध्यक होता. खरी साथ मात्र सारखी नव्हती. एकोणिसाव्या आठवड्याच्या पाच आठवडे आधी ६४४ मृत्यू, पाच आठवडे नंतर फक्त १६२. चढ लांब, उतार कडेलोटासारखा. उन्हाळा वाढला की उंदरांवरच्या पिसवा कमी होतात, हे आयोगाने नोंदवलं होतं. समीकरणात ऋतूला जागाच नव्हती. फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये ऋतू धरून हे गणित पुन्हा मांडलं.

दहा दिवसांनी काय बिघडतं? इथे बरंच बिघडतं. आयोगाला सिद्ध करायचं होतं की प्लेग आधी उंदरांत येतो, मग माणसांत. आधी गटारातले उंदीर मरतात, सुमारे दहा दिवसांनी घरातले, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसं. हे अंतर साथींच्या आलेखांची चढउतार शेजारी ठेवून मोजलेलं होतं. उंदरांसाठी बहुलक आणि माणसांसाठी मध्यक वापरला असता, तर १९०६ च्या मुंबईत उंदीर आणि माणसं जवळपास एकदमच मेली असं दिसलं असतं, आणि पिसवांना मधे वावच उरला नसता. रोग घाणीच्या हवेतून किंवा जमिनीतून येतो असं मानणारे लोक तेव्हाही होते. त्यांना आयताच पुरावा मिळाला असता.

म्हणून भागातलं वाक्य आम्ही बदलतोय. आठवड्याच्या तक्त्याप्रमाणे मुंबईत सर्वांत जास्त मृत्यू २२ ते २८ एप्रिल १९०६ या आठवड्यात झाले, आणि त्या वर्षीच्या साथीतले अर्धे मृत्यू त्याच्या आठवडाभर आधीच होऊन गेले होते.