हेड बोल्ट आवळण्याची कुळकथा

न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात कॉनरॅड बार नावाचा एक माणूस नोकरीला होता. नळांच्या जोडांवरचे बोल्ट हाताळताना त्याला एक गोष्ट सारखी खटके. एकाच जोडावरचा एक बोल्ट जीव खाऊन आवळलेला असे, तर शेजारचा नुसता टेकवलेला. ज्याच्या मनगटात जोर, त्याचा बोल्ट घट्ट. ठरावीक जोरापुढे बोल्ट आवळूच न देणारं हत्यार आपण १९१८मध्ये बनवलं, असं बारचं म्हणणं होतं. जॉर्ज फेफर्ल या इंजिनिअर भागीदाराबरोबर त्याने त्याचं सुधारलेलं रूप १९३५मध्ये पेटंट करून घेतलं. ठरलेला जोर झाला की हे हत्यार आवाज करून सांगे. आज गॅरेजमध्ये ‘कट्’ वाजणारा टॉर्क पाना आपण पाहतो, तो याच घराण्यातला. दुसरी शाखा काट्याच्या पान्याची. आवळताना दांडा वाकतो आणि काटा पट्टीवरचा आकडा दाखवतो. हा पाना अमेरिकेतल्या क्रायस्लर मोटार कंपनीच्या कामातून निघाला. पॉल स्टर्टेव्हंट या विक्रेत्याने त्याचा परवाना घेतला, १९३८मध्ये पेटंट मिळवलं आणि तो बाजारात आणला.

पाण्याच्या नळाला जे चालतं ते मोटारीला पुरत नाही. पण मोटारीत बोल्ट सारखे आवळण्याचा प्रश्न यायचा, तर आधी सिलिंडर हेड वेगळं व्हायला हवं होतं. सुरुवातीच्या कित्येक इंजिनांत ते वेगळं नव्हतंच. सिलिंडर आणि त्याचं डोकं एकाच ओतकामात असायचं. त्याला कारण होतं. जोड आला की त्यातली फट बुजवणारं गास्केट आलं, आणि गास्केट आलं की आज ना उद्या गळती आलीच. त्यापेक्षा जोडच नको. पिस्टनपर्यंत पोचायला अख्खं सिलिंडर उचलावं लागे, तेवढा त्रास लोक सोसत.

हेन्री फोर्डच्या मॉडेल टीने १९०८मध्ये हा हिशेब फिरवला. चार सिलिंडर एका ठोकळ्यात, वर सुटं होणारं हेड आणि ते धरायला पंधरा बोल्ट. खेड्यातल्या शेतकऱ्यालाही ते उघडता यावं, हा त्यातला उघड फायदा. या इंजिनात मिश्रण जेमतेम चौपट दाबलं जाई, त्यामुळे आतला स्फोटही सौम्य असे. साधा पाना आणि बसलेला हात एवढ्यावर काम भागत होतं. शर्यतवाल्यांचा मात्र सुट्या हेडवर पुढेही बरीच वर्षं विश्वास बसला नाही. १९२०च्या दशकातल्या बेंटलीच्या तीन लिटरच्या इंजिनात हेड आणि ब्लॉक एकच होते, बुगाटीच्या टाइप ३५मध्येही तसंच. इंडियानापोलिसच्या शर्यतींवर कित्येक वर्षं राज्य केलेलं ऑफेनहाउसर इंजिन तर १९७०च्या दशकापर्यंत बिनजोडाचं राहिलं. टर्बो लावून त्यात प्रचंड दाब कोंबला, तरी हेड गास्केट उडायची भीती नव्हती. जे नाहीच ते उडणार कसं? पण रस्त्यावरच्या गाड्यांना ही चैन परवडणारी नव्हती. तिथे सुटं हेड जिंकलं आणि त्याच्यामागून बोल्टची सगळी कटकट आली.

बोल्ट स्वतः तोवर बराच सुधारला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नट आणि बोल्ट जोडीनेच बनत. या बोल्टचा नट त्या बोल्टला बसत नसे. यंत्र उघडताना प्रत्येक जोडीवर खूण केली नाही, तर पुन्हा जुळवताना रडायची पाळी. लंडनच्या हेन्री मॉडस्लेने १८००च्या सुमारास आटे कापणारं लेथ इतकं नेमकं केलं, की एकसारखे आटे पाहिजे तितके काढता येऊ लागले. त्याच्या कारखान्यात काम शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढचं पाऊल टाकलं. त्याने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांच्या आट्यांची सरासरी काढली आणि १८४१मध्ये सगळ्यांसाठी एकच माप मांडलं. आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि खाच गोलसर. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सला हा आटा कारागिराच्या जिवावर उठणारा वाटला. १८६४मध्ये त्याने ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचवला, कारण तो साध्या हत्यारांनी काढता येतो. आजच्या मेट्रिक बोल्टचा कोन ६० अंशच आहे, म्हणजे या भांडणात सेलर्स जिंकला.

आपल्याकडे इंग्रजांबरोबर व्हिटवर्थचा आटा आला आणि सुताच्या हिशेबात मिसळून गेला. आठ सूत म्हणजे एक इंच. हार्डवेअरच्या दुकानात ‘चार सुती दे’ म्हटलं की अर्ध्या इंचाचा बोल्ट समोर येई. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नटाच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असे. नव्या पोराला हे कळेपर्यंत दोन-चार नटांचे कोपरे गोल झालेले असत. १९४६मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतशाळा आणि लेथ वाढले. विहिरीवरचं डिझेल इंजिन शेतकऱ्याच्या ओळखीचं झालं, आणि त्याबरोबर ‘हेड उतरवणं’, ‘गास्केट जाणं’, ‘आटे मरणं’ हे शब्द गावोगाव पोचले. १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, तरी सूत काही गॅरेजमधून हललं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. बोल्ट आवळतात तो नुसता घट्ट बसवायला नाही, तर ताणायला. रॉबर्ट हुकने १६७८मध्ये स्प्रिंगांबद्दल जो नियम जाहीर केला, तोच इथे चालतो. जितकं ताणावं तितकी परतीची ओढ. बोल्ट म्हणजे एक फार ताठ स्प्रिंग. शंभर मिलिमीटर लांबीचा चांगल्या पोलादाचा हेड बोल्ट पुरेपूर आवळला, की तो सुमारे ०.३ मिलिमीटर लांबतो. हेडला ब्लॉकवर दाबून धरते ती एवढ्याशा लांबण्यातली ओढ.

आणि ती ओढ हवी किती? ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरचं तोंड सुमारे ५० चौरस सेंटिमीटरचं. डिझेलमध्ये जळताना दाब १०० बारपर्यंत गेला, तर हेडला वर उचलणारा जोर पाच टनांच्या आसपास होतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दर सिलिंडरला हा धक्का मिनिटाला १५०० वेळा बसतो, तासाला ९०,००० वेळा. बोल्टमधली ओढ या धक्क्यापेक्षा भरपूर जास्त असेल तर बोल्टला त्याचा फारसा पत्ताच लागत नाही. ओढ कमी पडली तर प्रत्येक धक्क्याला बोल्ट थोडा लांबतो, थोडा आखडतो, गास्केट घासतं, आणि एक दिवस पाणी तेलात उतरतं किंवा बोल्टच थकून तुटतो. सैल आवळलेला बोल्ट अति आवळलेल्याइतकाच तुटतो, हे पुष्कळांना पटत नाही.

बारने आणि क्रायस्लरने या ओढीला मोजमाप दिलं, असं वाटतं खरं. पण टॉर्क पाना ओढ मोजतच नाही, पिळण्याचा जोर मोजतो. त्या जोरातला जवळपास निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात. ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. आट्यात गंज किंवा काजळी असली, की पाना ठरलेल्या आकड्याला वाजतो आणि बोल्ट मात्र पुरेसा ताणलेलाच नसतो. उलट कोरड्या बोल्टसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या बोल्टला वापरला, तर ओढ सहज एक तृतीयांशाने वाढते. पाना स्वतः चार टक्क्यांपर्यंत अचूक असला, तरी बोल्टमधल्या ओढीत पंचवीस-तीस टक्क्यांचा फरक पडू शकतो. जुन्या मिस्त्रीचा ‘हात बसलेला’ असे म्हणतात, तो खरा घर्षण ओळखत असे. बोल्ट कुरकुरतोय की सरळ चाललाय, हे त्याला दांड्यातून कळे. मला त्यात जादू दिसत नाही, पण त्या हाताला हसणाऱ्यांच्या हातातला पानाही तेच घर्षण मोजतो.

यातून सुटका झाली ती कोनामुळे. १९५०च्या दशकात अमेरिकेत पुलांच्या आणि इमारतींच्या लोखंडी जोडांत रिव्हेटच्या जागी बोल्ट येऊ लागले. तिथे नट आधी टेकेपर्यंत आवळून मग मोजून फिरवायची पद्धत रूढ झाली. आट्याचं अंतर दीड मिलिमीटर असेल, तर पाव फेरा म्हणजे ०.३७५ मिलिमीटर. तेल असो वा गंज, तेवढं अंतर बदलत नाही. १९७०-८०च्या दशकांत युरोपातल्या मोटार कंपन्यांनी हीच युक्ती हेडवर आणली. आधी थोडा टॉर्क, मग ९० अंश, मग आणखी ९०. शेवटच्या फेऱ्यात बोल्ट लवचीकपणाची मर्यादा किंचित ओलांडतो. त्या पट्ट्यात तो थोडा जास्त फिरला तरी ओढ फारशी वाढत नाही, म्हणून सगळ्या बोल्टची ओढ जवळजवळ सारखी येते. किंमत एवढीच, की असा बोल्ट कायमचा लांबतो.

गरजही तेव्हाच वाढली होती. बिडाच्या ब्लॉकवर अॅल्युमिनियमचं हेड आलं, आणि अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या दुपटीने फुगतं. शंभर मिलिमीटर उंचीचं हेड ८० अंशांनी तापलं, तर त्याच्यात आणि बोल्टमध्ये ०.०९ मिलिमीटरची तफावत पडते. आखूड, जाड बोल्टला ती जड जाते. म्हणून हेड बोल्ट लांब, आणि कित्येकदा मध्ये बारीक केलेला असतो. त्याला ताणायला जागा मिळते. तांबं-अॅस्बेस्टॉसच्या जुन्या गास्केटला काही दिवस चालवून पुन्हा आवळावं लागे. पोलादी पत्र्यांचे थर असलेलं गास्केट आल्यावर ते काम बहुतेक गाड्यांत संपलं.

चांगला मिस्त्री हेड बसवताना पाहावा. आधी ब्लॉकच्या भोकांतले आटे टॅप फिरवून साफ करतो, मग हवा मारून भोकं कोरडी करतो. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी राहिलं, तर बोल्ट खाली जाताना ते दाबलं जातं आणि ब्लॉकला चीर पाडतं. मग बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचं बोट, जास्त नाही. आवळायला सुरुवात मधल्या बोल्टपासून. मग आळीपाळीने डावीकडे, उजवीकडे, बाहेर बाहेर. पोळी मधून कडेला लाटतात तसं गास्केट मधून बाहेर बसत गेलं पाहिजे. पहिल्या फेरीत अर्ध्याहून कमी टॉर्क, दुसऱ्या फेरीत पूर्ण, मग व्हाइटनरने प्रत्येक डोक्यावर एक टिपका, सगळे एकाच दिशेला. पान्याचा दांडा पाव फेरा एका दमात खेचायचा. मध्ये थांबलं तर बोल्ट चिकटतो आणि पुन्हा हलताना झटका देतो. शेवटी सगळे टिपके सारखे फिरलेत का, हे लांबूनही दिसतं. हेड उतरवताना क्रम नेमका उलटा, बाहेरून आत. नाहीतर हेड वाकतं.

बोल्ट निवडताना डोक्यावरचा आकडा वाचता आला पाहिजे. १०.९ मधल्या दहाचा अर्थ एका चौरस मिलिमीटरला १००० न्यूटनच्या ओढीला तुटणारं पोलाद. पुढचे नऊ सांगतात, की त्याच्या ९० टक्क्यांवर ते कायमचं लांबायला लागतं. ८.८ त्याहून मऊ. पण ‘मोठा आकडा, चांगला बोल्ट’ हेही खरं नाही. कंपनीने टॉर्क आणि कोन ठरवले आहेत ते एका ठरावीक पोलादाच्या, ठरावीक लांबीच्या, ठरावीक जाडीच्या बोल्टसाठी. नाक्यावरच्या दुकानातला चकचकीत १२.९ त्या कोनाला वेगळीच ओढ देईल.

म्हणून इंजिनचं काम काढाल तेव्हा तीन गोष्टी मिस्त्रीला विचारा. आपल्या इंजिनाचे बोल्ट कोनाने आवळायचे आहेत का. असतील, तर नवे घ्या, जुने कितीही सरळ दिसले तरी. पुस्तकातला आकडा तेल लावलेल्या बोल्टचा आहे की कोरड्या. आणि हेड-ब्लॉकच्या जोडाच्या दोन्ही बाजू सपाट आहेत का, हे पट्टी लावून पाहिलं का. इंजिनाच्या एकूण खर्चात हेड बोल्टच्या नव्या संचाचा वाटा किरकोळ असतो. गास्केट पुन्हा गेलं तर हेड उतरवायची मजुरी मात्र दुसऱ्यांदा पूर्ण द्यावी लागते.