एका यंत्राचे पाठभेद

जुन्या पोथीची प्रत हाती आली की आमच्या पेशातील माणसे आधी लेखनकाल पाहतात, मग लेखनिकाचे अक्षर, आणि मग कोणत्या ओव्या मागाहून घुसडल्या आहेत ते. 1974 साली इटलीतील बोलोन्या शहरी बनलेली ड्युकाटी 750 सुपर स्पोर्ट ही मोटरसायकल विकत घेऊ पाहणारा मनुष्यही नेमके हेच करीत असतो. सांगाड्यावरचा क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, ओतीव भागांचा घाट, रंगाखालचा रंग. या साम्यानेच आमचे कुतूहल चाळवले आणि यंत्रविद्येत फारशी गती नसताना आम्ही या वाटेला गेलो.

बोलोन्याचे वाङ्मयीन नाते प्रथम सांगितले पाहिजे. वेगाला नवे सौंदर्य म्हणणारा मारिनेत्तीचा भविष्यवादी जाहीरनामा पॅरिसच्या दैनिकात 20 फेब्रुवारी 1909 रोजी आला, हे पाठ्यपुस्तकांत असते. त्याआधी 5 फेब्रुवारीस तो बोलोन्याच्या एका वृत्तपत्रात छापून आला होता, हे सहसा नसते. वेगाची आरती ओवाळणाऱ्या त्या मंडळींना यंत्राच्या मागचा देखभालीचा संसार दिसला होता असे आम्हांस वाटत नाही. ड्युकाटीचा आरंभ तर वेगातून झालेलाच नाही. 1926 मध्ये स्थापन झालेला हा कारखाना रेडिओचे भाग बनवी. 1944 च्या बॉम्बवर्षावात तो उद्ध्वस्त झाला, आणि युद्धोत्तर इटलीच्या दारिद्र्यात सायकलीला जोडावयाचे ‘कुच्योलो’ म्हणजे ‘कुत्र्याचे पिल्लू’ या नावाचे चिमुकले इंजिन बनवून तो पुन्हा उभा राहिला.

फाबिओ तालिओनी हा अभियंता 1954 मध्ये तेथे आला. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडतो कॅम आणि मिटवते स्प्रिंग. गती फार वाढली की स्प्रिंग मागे पडते आणि व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही. तालिओनीने मिटवण्याचे कामही स्प्रिंगकडून काढून कॅमकडे दिले. या रचनेचे ‘डेस्मोड्रोमिक’ हे नाव ग्रीक आहे: डेस्मोस म्हणजे बंध, ड्रोमोस म्हणजे धाव. कल्पना त्याच्या आधीचीच होती. ती टिकाऊपणे राबवली त्याने. 1956 च्या स्वीडिश ग्रांप्रीत या रचनेची 125 सीसी गाडी पहिल्याच शर्यतीत जिंकली. पुढे 23 एप्रिल 1972 रोजी इमोला येथील 200 मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाज्जारी दुसरा आला, दोघेही ड्युकाटी 750 वर. त्या विजयाची रस्त्यावरची प्रतिकृती म्हणजे 1974 ची सुपर स्पोर्ट. त्या साली अशा 401 गाड्या निघाल्या असे मानले जाते.

आता ती सांभाळणाऱ्याकडे वळू. दोन सिलिंडर, चार व्हॉल्व्ह. पण प्रत्येकाला उघडणारा एक आणि मिटवणारा एक असे दोन रॉकर, म्हणून फटी मोजावयाच्या त्या आठ. फट जुळवण्यासाठी योग्य जाडीची चकती, जिला मेकॅनिक शिम म्हणतात, ती बसवावी लागते. ती नेमकी नसेल तर घासून उतरवायची, मायक्रोमीटरने मोजायची, पुन्हा बसवून पाहायची. मिटवणारी चकती जागी धरून ठेवणारे दोन अर्धगोल तुकडे इतके लहान असतात की बोटातून निसटला तर त्यासाठी सारी खोली झाडावी लागते. कॅमपर्यंत गती पोहोचवणारे बेव्हल गिअरही असेच शिम घालून एकमेकांशी जुळवावे लागतात. कारखान्यालाही हे वेळखाऊ काम परवडेना. 1979 च्या पांटापासून दात्यांचे रबरी पट्टे आले. शिवाय या इंजिनाला तेल गाळायला कागदी फिल्टर नाही, केवळ जाळी आहे. तेल बदलण्यात आळस केला तर गाळ क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जातो, आणि तेथवर पोहोचायचे तर सारे इंजिन उकलून दाबून बसवलेला क्रँक सुटा करावा लागतो.

योगायोग असा की रॉबर्ट पर्सिग यांची ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ ही कादंबरीही 1974 चीच. तीत मित्राच्या बीएमडब्ल्यूचे ढिले हँडल घट्ट करायला निवेदक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची शिम सुचवतो आणि मित्र दुखावतो. आमच्या वर्गात विद्यार्थी बहुधा निवेदकाच्या बाजूचे असतात. आम्हांला मात्र मित्राचीही बाजू समजते. सुपर स्पोर्टच्या मालकाला असली चकती कोणी सुचवली तर त्याला ती मूर्तिभंजनासारखीच वाटेल.

कारण प्रश्न अस्सलपणाचा आहे. मूळची 750 जीटी घेऊन तिची सुपर स्पोर्ट ‘करता’ येते, आणि किमतीतील तफावत पाहता तसे केलेही जाते. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा आपली ओवी घुसडणाऱ्यास त्यांनी दिलेली तंबी येथे आठवते. पण यंत्राची गोष्ट पोथीहून बिकट आहे. पोथी न वाचता ठेवली तरी अक्षरे जागी राहतात. गाडी न चालवता ठेवली तर रबरी सील सुकतात, कार्ब्युरेटरात पेट्रोलचा चिकटा धरतो, सिलिंडरला गंज चढतो. चालवली तर भाग झिजतात आणि बदलावे लागतात. फायबरची मूळ टाकी तर चमत्कारिक पेचात सापडली आहे: हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल तिचे रेझिन मऊ करते. मूळ टाकी ठेवावी तर इंधन भरता येत नाही, इंधन भरावे तर मूळ टाकी उरत नाही.

आमचा कौल चालवणाऱ्याच्या बाजूने आहे. दिवाणखान्यात उभी केलेली गाडी आम्हांस बांधून ठेवलेल्या, कोणी न उघडलेल्या ग्रंथासारखी वाटते. तथापि काढलेला भाग फेकून द्यावा असे मात्र नाही. जाणते मालक टाकी बदलतात, ॲल्युमिनियमची नवी बसवतात, आणि मूळ टाकी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवतात. गाडी विकली गेली की हे बासनही पुढच्या मालकाकडे जाते.