हेपबर्न, कॅथरिन : कागदपत्रसंग्रह

अमेरिकी रंगभूमी आणि चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत गाजलेल्या अभिनेत्री कॅथरिन हेपबर्न (१२ मे १९०७–२९ जून २००३) यांनी जवळ बाळगलेली पत्रे, नाट्य व चित्रपटसंहिता, टिपणे, कात्रणवह्या, छायाचित्रे आणि व्यवसायाचे इतर कागद. त्यांच्या मृत्यूनंतर हे दप्तर एकत्र राहिले नाही. नाटकासंबंधीचे कागद न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या लिंकन सेंटर येथील प्रयोगकला ग्रंथालयाकडे गेले. चित्रपटासंबंधीचे कागद ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीच्या मार्गारेट हेरिक ग्रंथालयात, म्हणजे लॉस एंजेलिसलगतच्या बेव्हर्ली हिल्सला पोहोचले. भूमिकांचे पोशाख ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठाच्या संग्रहालयाने घेतले. नटाचे दप्तर अखंड ठेवावे की माध्यमाप्रमाणे वाटून द्यावे, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू या एका उदाहरणात पाहायला मिळतात.

हेपबर्न यांचा जन्म कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्डचा. वडील मूत्रविकारतज्ज्ञ, आई स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि संततिनियमनासाठी झगडणारी कार्यकर्ती. १९२८ मध्ये ब्रिन मॉर महाविद्यालयातून पदवी घेऊन त्या थेट रंगभूमीवर उतरल्या. ‘अ बिल ऑफ डिव्होर्समेंट’ (१९३२) हा पहिला चित्रपट त्यानंतरचा. पुढे साठ वर्षे त्या दोन्हीकडे वावरल्या. न्यूयॉर्कमधील टर्टल बे भागातले घर आणि समुद्रकाठच्या ओल्ड सेब्रुक येथील फेनविकचे कौटुंबिक घर ही त्यांची दोन कायमची ठिकाणे. सप्टेंबर १९३८ च्या प्रचंड चक्रीवादळात फेनविकचे जुने घर सामानसुमानासकट वाहून गेले. कुटुंबाने त्याच जागी नवे घर बांधले, पण जुन्या घरात जे होते ते गेलेच. कोणत्याही नटाचा संग्रह म्हणजे त्याने जपलेले आणि पाणी, वाळवी, स्थलांतर यांच्या तडाख्यातून वाचलेले, एवढेच असते. त्यात न सापडलेल्या कागदावरून ‘असे काही घडलेच नव्हते’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे.

अभिलेखागारांच्या व्यवहारात उगमाचे तत्त्व पायाभूत मानले जाते. एका व्यक्तीकडून किंवा कचेरीतून आलेले कागद इतरांच्या कागदांत मिसळू नयेत, असे हे तत्त्व सांगते. फ्रान्सच्या गृहखात्याने १८४१ मध्ये काढलेल्या परिपत्रकापासून ते रूढ झाले. मूळची मांडणीही शक्यतो मोडू नये, हा नियम त्याला नंतर जोडला गेला. कारण कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी होता हीसुद्धा माहितीच असते. संहितेच्या पानांत खोचलेली दिग्दर्शकाची चिठ्ठी बाहेर काढून ‘पत्रव्यवहार’ या खोक्यात टाकली, तर चिठ्ठी वाचते आणि तिचा अर्थ हरवतो. हेपबर्न यांच्या बाबतीत ही फारकत चिठ्ठीपुरती राहिली नाही, अख्ख्या दप्तराची झाली.

तरीही ही वाटणी निव्वळ अविचाराची म्हणता येत नाही. २००७ मध्ये नाटकाचे कागद जिथे आले, त्या लिंकन सेंटरच्या ग्रंथालयातला बिली रोझ रंगभूमी विभाग जाहिरातपत्रके, प्रयोगांची छायाचित्रे आणि कात्रणे यांचा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक आहे. तिथल्या अभ्यासकाला हेपबर्न यांच्या टिपणाशेजारीच त्याच प्रयोगाचे इतरांनी ठेवलेले पुरावे मिळतात. हेरिक ग्रंथालय १९९१ पासून बेव्हर्ली हिल्सच्या जुन्या पाणीपुरवठा केंद्राच्या इमारतीत आहे. हेपबर्न यांना सर्वाधिक चित्रपटांत दिग्दर्शित करणारे जॉर्ज क्यूकर यांचेही कागद तिथेच आहेत, त्यामुळे क्यूकर–हेपबर्न मैत्रीच्या दोन्ही बाजू एका छताखाली वाचता येतात.

दोन्ही ढिगांचे मोल मात्र सारखे नाही. ‘द आफ्रिकन क्वीन’ (१९५१) किंवा ‘द लायन इन विंटर’ (१९६८) मधला अभिनय आजही पडद्यावर पाहता येतो. तिथे कागद पूरक ठरतात; पडद्यावर जे दिसते त्यामागची घडामोड ते सांगतात. नाटकाचा प्रयोग पडदा पडला की संपतो. १९५० मध्ये ब्रॉडवेवर केलेली ‘ॲज यू लाइक इट’मधली रोझलिंड, १९५५ मध्ये ओल्ड व्हिक कंपनीबरोबर केलेला ऑस्ट्रेलियाचा दौरा, कनेक्टिकटमधल्या स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर महोत्सवातली १९६० ची क्लिओपात्रा यांचा माग खुणा केलेल्या नकला, तालमींची टिपणे, फोटो आणि परीक्षणे यांतूनच काढावा लागतो. लिंकन सेंटरच्या ग्रंथालयाने रंगप्रयोग चित्रित करून ठेवण्याचा उपक्रम १९७० मध्ये सुरू केला, पण तोवर हेपबर्न यांची बहुतेक रंगभूमी होऊन गेली होती. चार ऑस्कर मिळवणारी नटी एवढीच त्यांची ओळख ज्यांना आहे, त्यांना न्यूयॉर्कचे कागद एका वेगळ्याच व्यक्तीची भेट घडवतात. २००९ मध्ये ग्रंथालयाने ‘कॅथरिन हेपबर्न : इन हर ओन फाइल्स’ हे प्रदर्शन या कागदांवरच उभे केले होते.

वाटणी खरी बोचते ती ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’पाशी. १९३८ मध्ये चित्रपटगृहांच्या मालकांनी हेपबर्न यांना तिकीटबारीवरचे विष ठरवले होते. त्यानंतर फिलिप बॅरी यांनी त्यांच्यासाठी हे नाटक लिहिले आणि मार्च १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या शूबर्ट थिएटरात आले. उद्योगपती हॉवर्ड ह्यूज यांच्या मदतीने चित्रपटहक्क आधीच हेपबर्न यांच्या हाती होते. ते त्यांनी एमजीएम या चित्रपटसंस्थेला विकले, नायिका आपणच असू अशी अट घातली, आणि १९४० च्या चित्रपटाने त्यांना पुन्हा वर आणले. हा सगळा डाव नाटक आणि सिनेमा यांच्या सांध्यावर खेळला गेला. बाईंनी एकच व्यवहार केला, तो समजून घ्यायला अभ्यासकाला मात्र देशाच्या दोन टोकांना जावे लागते. ‘विदाउट लव्ह’ची कथाही तशीच : नाटक १९४२ चे, चित्रपट १९४५ चा. माध्यमाची सीमा ग्रंथालयांच्या विभागांना सोयीची असते. नट ती रोज ओलांडत असतो.

वाटणी टाळली असती तरी काही कागद विखुरलेलेच राहिले असते. पत्र ज्याला लिहिले त्याच्या दप्तरात जमा होते. म्हणून हेपबर्न यांच्या संग्रहात मुख्यतः त्यांना आलेली पत्रे. त्यांनी धाडलेली, मसुदा किंवा प्रत ठेवली नसेल तर, इतरांकडे. उदाहरणार्थ, दिग्दर्शक जॉन फोर्ड यांचे कागद इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात आहेत. ‘फिलाडेल्फिया स्टोरी’सह हेपबर्न यांची अनेक नाटके करणाऱ्या थिएटर गिल्ड या संस्थेचे दप्तर येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे. इंग्लंडमध्ये नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांचे कागद ब्रिटिश लायब्ररीकडे, तर व्हिव्हियन ली यांचे २०१३ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे गेले. नवराबायकोची पत्रे दोन संस्थांत. उलट अमेरिकी नट रॉबर्ट डी नीरो यांनी २००६ मध्ये संहिता, टिपणे, पोशाख आणि चित्रपटांतल्या वस्तू असा सगळा संसार टेक्सासमधील ऑस्टिनच्या हॅरी रॅन्सम सेंटरला एकगठ्ठा दिला. दाता हयात असला आणि स्वतः देणारा असला की हे सोपे जाते.

पोशाख हेपबर्न यांनी स्वतः सांभाळून ठेवले होते, ही नटांमध्ये विरळा गोष्ट. व्हॅलेंटिना, वॉल्टर प्लंकेट, सेसिल बीटन यांनी घडवलेले रंगमंचावरचे आणि पडद्यावरचे कपडे केंटच्या संग्रहात आहेत, आणि ज्यांच्यामुळे त्या एकेकाळी टीकेच्या धनी झाल्या त्या विजारीही. २०१० मध्ये तिथे त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. कापडाच्या जतनाला हवा, उजेड आणि जागा यांची गरज कागदापेक्षा वेगळी असते, त्यामुळे हे वेगळे करणे समर्थनीय ठरते. लिलावाबद्दल तसे म्हणवत नाही. जून २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज येथे फर्निचर, चित्रे, दागिने, हेपबर्न यांच्या १९२८ च्या लग्नातला पोशाख, शिवाय सहकलाकार स्पेन्सर ट्रेसी यांचा हेपबर्न यांनी स्वतः घडवलेला छोटा अर्धपुतळा, असे बरेच काही खासगी हातांत गेले. तिथून ते अभ्यासकाच्या दृष्टीने बहुधा नाहीसे होते.

कागदांवरच्या प्रत्यक्ष कामात सर्वाधिक त्रास कात्रणवह्या देतात. वृत्तपत्राचा स्वस्त कागद आम्लामुळे पिवळा पडून तुटतो, शेजारच्या पानालाही डाग देतो. जुन्या चिकटपट्टीचा डिंक झिरपतो, टाचण्या आणि क्लिपा गंजतात. वही उसवून पाने सुटी केली तर कात्रणे टिकतात, पण मालकाने लावलेला क्रम जातो; म्हणून आधी प्रत्येक पानाचे छायाचित्र घेण्याची पद्धत आहे. मग आम्लविरहित फोल्डर, खोकी, आणि खोक्याखोक्याची वर्णनात्मक सूची. सूची झाल्याशिवाय संग्रह असून नसल्यासारखा.

हक्कांचा भाग निराळा. कागद ग्रंथालयाच्या मालकीचा झाला तरी मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या वारसांकडे राहतो. अमेरिकी कायद्यात अप्रकाशित लेखनाला सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे संरक्षण असते. त्यामुळे वाचनकक्षात पत्र वाचायला मिळते, टिपून घेता येते; ते समग्र छापायचे असेल तर परवानगी लागते. या हिशेबाने फोर्ड (मृत्यू १९७३) यांची पत्रे २०४३ अखेर मोकळी होतील, क्यूकर (मृत्यू १९८३) यांची २०५३ अखेर, आणि हेपबर्न यांचे स्वतःचे अप्रकाशित लेखन २०७३ अखेर.