काडतूस घरी भरतात? अमेरिकेतल्या ‘हँडलोडिंग’ची अचूकता आणि त्यातले धोके

“घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या” असं वाक्य तुम्ही बातम्यांमध्ये वाचलं असेल. पुंगळी म्हणजे गोळी उडाल्यावर मागे उरणारं पितळी आवरण. आपल्याकडे ते पोलिसांच्या पंचनाम्यात जातं. अमेरिकेतले अनेक नेमबाज आणि शिकारी मात्र आपल्या पुंगळ्या वेचून घरी नेतात आणि पुन्हा भरून वापरतात. यालाच म्हणतात हँडलोडिंग किंवा रिलोडिंग. दुकानात तयार काडतुसं मिळत असताना हा खटाटोप कशासाठी?

काडतुसात असतं काय?

बोलताना आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो, पण गोळी हा काडतुसाचा फक्त पुढचा भाग. रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की पिन प्रायमरवर आदळते, ठिणगी पडते, दारू पेटते आणि तयार होणारा वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो.

हा दाब किती असतो? कारच्या टायरमध्ये आपण साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा भरतो. अमेरिकेत १९०६ साली आलेल्या ‘थर्टी-ओ-सिक्स’ या प्रसिद्ध काडतुसासाठी दाबाची कमाल मर्यादा ६० हजार पीएसआय आहे. आणि हे सगळं नेमबाजाच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर घडतं!

मग घरी भरायचं कशासाठी?

पहिलं कारण पैसा. पुंगळी हा काडतुसातला महागडा भाग आणि ती अनेकदा वापरता येते. पण लांब पल्ल्याच्या नेमबाजांसाठी खरं कारण आहे एकसारखेपणा.

कारखान्यातली काडतुसं हजारो वेगवेगळ्या रायफलींमध्ये चालावीत अशा बेताने बनवलेली असतात. हँडलोडर आपल्या एकाच रायफलीसाठी काडतूस घडवतो. गोळी किती वजनाची घ्यायची, ती पुंगळीत किती खोल बसवायची, दारू कोणती आणि किती, हे तो कागदावर गोळ्या झाडून ठरवतो. दारू ‘ग्रेन’मध्ये मोजतात. १ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि हँडलोडर त्याच्या दहाव्या भागापर्यंत वजन करतात.

एवढं काटेकोर कशासाठी? समजा दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला पाच-सहा मीटरचा फरक पडला. १०० मीटरवर तो कळणारही नाही. पण १ किलोमीटरवर गोळी चांगली वीतभर खाली किंवा वर लागू शकते.

पुंगळी पुन्हा भरतात कशी?

आधी तडे गेलेल्या पुंगळ्या बाद करतात. बार उडताना पुंगळी फुगते, म्हणून साच्यात दाबून तिला मूळ मापात आणतात आणि जुना प्रायमर काढतात. ती लांब झाली असेल तर तोंडाशी कापून मापात आणतात. मग नवा प्रायमर, मोजलेली दारू आणि शेवटी गोळी.

इथे एक गंमत आहे. अमेरिकेत प्रचलित असलेला ‘बॉक्सर’ प्रायमर एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाचा, तर युरोपात रुळलेला ‘बर्डन’ हा एका अमेरिकनाच्या नावाचा! बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे जुना प्रायमर एका दांडीने सहज बाहेर ढकलता येतो. तिथे हा छंद सोपा झाला त्यामागे हेही एक कारण.

चूक कुठे महागात पडते?

बंद जागेत दाब वाढला की दारू आणखी वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून इथे ‘थोडंसं जास्त’ ही गोष्ट थोडीशी राहत नाही.

• चुकीची दारू: पिस्तुलाची दारू लवकर जळते. ती रायफलीच्या पुंगळीत भरली तर रायफल फुटू शकते. म्हणून टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा, हा पहिला नियम.
• दारू राहून जाणं: नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अडकू शकते. आवाज दबका आला तर लगेच थांबायचं. तसंच पुढचा बार काढला तर नळी फुटू शकते.
• थकलेली पुंगळी: पितळ ताणून ताणून बुडाजवळ पातळ होतं. तिथे चकचकीत वळं दिसलं की पुंगळी भंगारात.
• थेट कमाल मात्रा: छापील पुस्तिकेतल्या सुरुवातीच्या कमी मात्रेपासून हळूहळू वर जायचं. प्रायमर चपटा झाला किंवा बोल्ट उघडायला जड गेला, तर दाब वाढल्याची ती खूण असू शकते. इंटरनेटवर कुणीतरी टाकलेला आकडा कधीच जसाच्या तसा उचलायचा नाही.
• शिसं: प्रायमरच्या राखेत शिसं असतं. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

थोडक्यात, प्रत्येक वेळी तेच माप, तीच पद्धत आणि वहीत नोंद. ज्या शिस्तीने नेम सुधारतो, तीच शिस्त डोळे आणि हात शाबूत ठेवते.

आपल्याकडे काय?

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विक्रीचा धंदा करायचा तर लागतो. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे मंडळी, हे वाचून समजून घ्यायचं, करून बघायचं नाही!

मग आपल्या स्वप्नील कुसाळेचं काय? कोल्हापूरच्या या नेमबाजाने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. या प्रकारात पॉइंट टू-टू काडतूस वापरतात. त्यात प्रायमरचं मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं, त्यामुळे ते असं पुन्हा भरता येत नाही. म्हणून हे खेळाडू कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि ज्या लॉटचा नेम सर्वात घट्ट बसतो, तोच घेतात. वाट वेगळी, पण शोध तोच: एकासारखी एक गोळी.