आकाश इथले, तिथी कुठली?

श्रावण लागला की आपल्या मंडळात एक प्रश्न हमखास फिरू लागतो. अमुक सण यंदा शनिवारी की रविवारी? एकाच्या फोनमधले पंचांगाचे ॲप एक सांगते, दुसऱ्याचे दुसरे, आणि भारतातून आणलेली भिंतीवरची दिनदर्शिका ज्याच्या बाजूने असेल त्याचा आवाज चढतो. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. पण पंचांगाच्या ॲपचा मी तुमच्यासारखाच नुसता गिऱ्हाईक. गेल्या काही वर्षांत अशी पाच-सहा ॲप्स वापरून पाहिली आणि त्या निमित्ताने पंचांगाचा इतिहासही थोडा चाळला. ॲप कसे पारखावे हे मला त्या इतिहासाने अधिक शिकवले.

आधी मूळ गोष्ट. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी संपते. हा क्षण साऱ्या जगाला एकच असतो. पण दिवसाला नाव मिळते ते सूर्योदयाच्या वेळी चालू असलेल्या तिथीचे, आणि सूर्योदय ज्या त्या गावाचा. ऑकलंड मुंबईच्या सुमारे १०२ अंश पूर्वेला आहे, त्यामुळे आपला सूर्य सरासरी पावणेसात तास आधी उगवतो. गोलार्ध उलटे असल्याने हे अंतर जूनमध्ये पाच तासांवर येते आणि डिसेंबरमध्ये साडेआठ तासांच्या पुढे जाते. ढोबळ हिशेब केला तर जूनमध्ये पाचातला एक दिवस आणि डिसेंबरमध्ये तिनातला एक दिवस असा निघतो की ज्या दिवशी मुंबईची उदयतिथी एक आणि आपली दुसरी.

गंमत अशी की आपले घड्याळ पुढे असूनही आपला सण सहसा भारताच्या तारखेलाच पडतो, नाहीतर एक दिवस उशिरा. समजा, जूनमध्ये एकादशी भारतात पहाटे तीनला लागली. मुंबईत सहाला सूर्य उगवतो तेव्हा एकादशी आहे. आपला त्या तारखेचा सूर्योदय मात्र भारताच्या रात्री एकला होऊन गेला, तेव्हा दशमीच होती. मग आपली एकादशी दुसऱ्या दिवशी. अमेरिकेतल्या मंडळींचे नेमके उलट.

हा गुंता आजचा नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचले. ज्या-चापाची किचकट गणिते त्यांनी टाळली आणि दिवसांची गणती अकरा-अकरा वर्षांच्या, ४०१६ दिवसांच्या चक्रांत बांधून आकडे लहान ठेवले. पाटीवर आकडेमोड करणाऱ्या जोशीबुवांचा एवढा विचार केलेला पाहून माझ्यातला इंजिनिअर थक्क होतो. महाराष्ट्रातली पंचांगे पुढे तीनशेहून अधिक वर्षे त्यावर चालली.

१८४१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापले. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पोथ्यांना शिवत नसत, तेव्हा त्यांनी शाईत तूप घातले असे सांगतात. सोय कितीही मोठी असली तरी गिऱ्हाइकाची शंका आधी फेडावी लागते. आजच्या ॲपवाल्यांनी ही गोष्ट वाचायला हवी.

पण छापले म्हणून गणित सुधारले नव्हते. ग्रहलाघवातल्या बारीक चुका शतकांत साचल्या होत्या, पंचांगातले ग्रहण आणि आकाशातले ग्रहण यांची वेळ जुळेना. केरो लक्ष्मण छत्रे, टिळकांचे गणिताचे गुरू, यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि पुढे नाविक पंचांगाच्या आधारे वेधाशी जुळणारे पंचांग काढले. गणित सरस होते, तरी ते घरोघर गेले नाही. त्याच परंपरेतल्या टिळक पंचांगाचे आणि इतर पंचांगांचे अधिक महिने आजही कधी कधी वेगळे येतात, आणि मग एकाच गावात दोन दिवाळ्या होतात. दोन ॲप्सची तारीख जुळली नाही तर एक चुकलेच असे समजू नये, ते एवढ्यासाठी.

घड्याळाचीही हीच कथा. न्यूझीलंडने २ नोव्हेंबर १८६८ रोजी देशभर एकच वेळ ठरवली, ग्रिनिचच्या साडेअकरा तास पुढे. १९४६ पासून ती पूर्ण बारा तास झाली. भारतात प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी आली, पण मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. तेव्हा जुन्या पंचांगातले आकडे वाचताना ते कोणत्या घड्याळाचे, हे आधी पाहावे लागते. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले आणि पंचांग भिंतीवर, सर्वांना वाचता येईल असे आले. मात्र ते पान भारताच्या सूर्योदयावर बेतलेले, हे आपण इथे खिळा ठोकताना विसरतो.

आता ॲपकडे. बहुतेकांचे गणित आज उत्तम असते, तिथी संपण्याच्या क्षणात फारसा फरक सापडत नाही. घोळ होतो तो त्या क्षणाचे इथे काय करायचे यात. मी पाहिलेल्या एका ॲपमध्ये वर ‘ऑकलंड’ लिहिलेले होते आणि संकष्टीचा चंद्रोदय मुंबईच्या वेळेत साडेसहा तास मिळवून दिला होता. तिथीच्या समाप्तीला हे चालते, चंद्रोदयाला नाही. तो क्षितिजावर ठरतो. दिवसभर उपाशी असलेल्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही.

दुसरी मेख शास्त्रार्थाची. प्रत्येक व्रत दिवसाची वेगळी वेळ विचारते : गणेश चतुर्थी मध्याह्नाची, लक्ष्मीपूजन प्रदोषाची, जन्माष्टमी मध्यरात्रीची, श्राद्ध अपराह्णाची. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा १७९० चा ‘धर्मसिंधु’ म्हणजे या नियमांची संहिताच. माझ्या दृष्टीने ॲपची खरी कसोटी तीच. राशिभविष्य आणि रंगीत चित्रे नंतर. आमच्या घरी वडिलांचे श्राद्ध ऑकलंडच्या अपराह्णावर ठरते, पुण्यातल्या भावाकडे पुण्याच्या. गेल्या पाच वर्षांत दोनदा दिवस वेगळे पडले. आमच्याकडे असलेल्या आईला ते पटेना : “एका माणसाची तिथी दोन दिवशी कशी?” मी आकृती काढून दाखवली. तिने ती नीट पाहिली आणि दोन्ही दिवशी पान वाढले. माझे मत तरीही इथल्या आकाशाच्या बाजूचे आहे. पूर्वजांनी जिथे उभे आहोत तिथला सूर्य पाहिला, म्हणून आपणही पाहावा.

इथल्या भूमिपुत्रांनी तेच केले. मातारिकी, म्हणजे आपल्या कृत्तिका, पहाटे पुन्हा दिसू लागल्या की माओरी नववर्ष येते. २४ जून २०२२ रोजी त्याची पहिली सार्वजनिक सुट्टी झाली. तारीख माओरी चांद्रगणनेवर ठरते, दरवर्षी बदलते, आणि २०५२ पर्यंतच्या तारखा कायद्यातच लिहून ठेवल्या आहेत. चांद्रपंचांग सरकारी दिनदर्शिकेत बसू शकते, याचा हा शेजारचाच दाखला.

नवे ॲप घेतलेत तर दोन तारखा मुद्दाम तपासा. आपले घड्याळ सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे जाते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येते. एक घटस्थापनेच्या आसपास, दुसरी पाडव्याच्या. त्या शनिवार-रविवारचे सूर्योदय ॲपमध्ये शेजारी शेजारी पाहा. तासाचा फरक दिसला नाही, तर त्या ॲपला तुम्ही कुठे राहता हे अजून कळलेले नाही.