डिजिटल छायाचित्रांचे रंग व्यवस्थापन

रंग व्यवस्थापन म्हणजे कॅमेरा, मॉनिटर, छपाईयंत्र अशा भिन्न उपकरणांवर आणि भिन्न सॉफ्टवेअरमध्ये एकाच डिजिटल छायाचित्राचे रंग शक्य तितके सारखे दिसावेत, यासाठी केलेली रूपांतराची व्यवस्था होय. एकच छायाचित्र एका सॉफ्टवेअरमध्ये उठावदार, दुसऱ्यात फिकट आणि संकेतस्थळावर चढवल्यावर आणखी निराळे दिसते. ही व्यवस्था सर्वत्र सारखी पाळली जात नाही, हे त्याचे प्रमुख कारण आहे. छायाचित्राच्या संचिकेत प्रत्यक्ष रंग नव्हे, तर आकडे साठवलेले असतात. त्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा हे ठरल्याशिवाय त्यांतून निश्चित रंग मिळत नाही.

आकडे आणि रंगावकाश

सर्वसाधारण जेपीईजी छायाचित्रात प्रत्येक चित्रबिंदूसाठी लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांचे ० ते २५५ यांदरम्यानचे आकडे मिळतात. लाल घटकाचा आकडा २५५ असल्यास तो घटक पूर्ण तीव्रतेचा आहे एवढेच कळते. तो लाल नेमका कोणता, हे रंगावकाशाच्या व्याख्येवरून ठरते. तीन मूळ रंग, पांढरा बिंदू आणि आकडा व प्रकाशतीव्रता यांतील संबंध (गॅमा) या बाबींनी रंगावकाश निश्चित होतो. या व्याख्यांचा मोजमापाचा पाया आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ मध्ये मांडलेल्या रंगमापन पद्धतीत आहे.

छायाचित्रणात पुढील रंगावकाश विशेष प्रचलित आहेत :

• एसआरजीबी : एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेला आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने प्रमाणित केलेला रंगावकाश. महाजालावरील चित्रांसाठी तो गृहीत प्रमाण मानला जातो.
• अ‍ॅडोबी आरजीबी : १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला, छपाईची गरज लक्षात घेऊन आखलेला रंगावकाश. त्याचे लाल व निळे मूळ रंग एसआरजीबीप्रमाणेच आहेत. हिरवा मात्र अधिक गडद व शुद्ध आहे.
• डिस्प्ले पी३ : डिजिटल चित्रपटगृहांसाठीच्या मूळ रंगांवर आधारलेला, अ‍ॅपलने प्रचारात आणलेला रंगावकाश. त्याची व्याप्ती एसआरजीबीपेक्षा मोठी असून अनेक आधुनिक मोबाइल कॅमेरे त्यात छायाचित्रे साठवतात.

एकाच रंगाचे आकडे रंगावकाशानुसार बदलतात. एसआरजीबीमधील (२५५, ०, ०) हा लाल अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये (२१९, ०, ०) असा लिहिला जातो, तर (०, २५५, ०) हा हिरवा सुमारे (१४४, २५५, ६०) असा होतो. अ‍ॅडोबी आरजीबीमधील २१९ हा आकडा एखाद्या सॉफ्टवेअरने एसआरजीबीमधील समजून दाखवला, तर तोच लाल मंद दिसतो. विस्तृत रंगावकाशातील छायाचित्रे काही ठिकाणी निस्तेज भासतात, ती याच कारणाने.

रंगप्रोफाइल

आकडे कोणत्या रंगावकाशातील आहेत याची नोंद संचिकेत रंगप्रोफाइलच्या रूपाने ठेवता येते. या प्रोफाइलचे प्रमाण स्वरूप ठरवण्यासाठी १९९३ मध्ये इंटरनॅशनल कलर कन्सोर्टियम (आयसीसी) ही संघटना स्थापन झाली. रंग व्यवस्थापन करणारे सॉफ्टवेअर दोन प्रोफाइलांचा उपयोग करते : छायाचित्राचे आणि मॉनिटरचे. पहिल्याच्या आधारे आकड्यांचा निश्चित रंग ठरतो. दुसऱ्याच्या आधारे तो रंग उमटवण्यासाठी त्या विशिष्ट मॉनिटरला कोणते आकडे पाठवावेत हे ठरते.

फरकाची कारणे

प्रोफाइलकडे दुर्लक्ष : काही सॉफ्टवेअर संचिकेतील आकडे जसेच्या तसे पडद्याकडे पाठवतात. विस्तृत व्याप्तीच्या मॉनिटरवर अशा सॉफ्टवेअरमध्ये साधे एसआरजीबी छायाचित्र भडक दिसते; माणसांचे चेहरे लालसर होतात.

सदोष मॉनिटर प्रोफाइल : मॉनिटरचे प्रोफाइल चुकीचे असेल, तर रंग व्यवस्थापन करणारे सॉफ्टवेअरच चुकीचे रंग दाखवते आणि न करणारे त्यापासून अलिप्त राहते. पांढरा रंग एकाच सॉफ्टवेअरमध्ये पिवळसर दिसण्यामागे पुष्कळदा हे कारण असते.

गॅमामधील भेद : मॅक संगणकांवर पूर्वी १.८ गॅमा प्रमाण मानला जाई, तर विंडोजवर २.२. त्यामुळे मॅकवर तयार केलेली प्रोफाइलविरहित चित्रे विंडोजवर अधिक गडद दिसत. २००९ मधील मॅक ओएस एक्स १०.६ पासून मॅकवरही २.२ हे मूल्य स्वीकारले गेले.

ब्राउझर : फायरफॉक्समध्ये रंग व्यवस्थापनाची सोय २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीत आली, पण ती मुळात बंद ठेवलेली होती. २००९ मधील ३.५ आवृत्तीपासून प्रोफाइल असलेल्या चित्रांसाठी ती आपोआप लागू झाली.

संकेतस्थळावरील प्रक्रिया : अनेक संकेतस्थळे चढवलेल्या छायाचित्राचा आकार कमी करून ते पुन्हा संकोचित करतात. या वेळी रंगांचे रूपांतर न करताच प्रोफाइल काढून टाकले, तर आकडे तेच राहून त्यांचा अर्थ हरवतो. जेपीईजी संकोचनात रंगविषयक माहिती बहुधा उजळपणाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते. त्यामुळे लाल अक्षरांच्या वा फुलांच्या कडा पुसट होतात. आकार लहान करण्याच्या भिन्न पद्धतींमुळे रेखीवपणाही बदलतो.

कच्ची छायाचित्रे : कॅमेऱ्याच्या ‘रॉ’ संचिकेत बहुधा कॅमेऱ्यानेच तयार केलेले एक जेपीईजी पूर्वदर्शन असते. काही सॉफ्टवेअर तेच दाखवतात, तर काही संवेदकाच्या मूळ माहितीवरून आपल्या पद्धतीने नवे चित्र घडवतात. त्यामुळे छायाचित्र उघडल्यावर क्षणभराने त्याचे रंग बदललेले दिसतात.

उच्च गतिक विस्तार : काही मोबाइल छायाचित्रांत मूळ चित्रासोबत उजळपणाचा अतिरिक्त नकाशा असतो. तो वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पडदा अनुकूल असल्यास, आकाश व दिवे झळाळतात. इतरत्र साधे चित्र दिसते.

चुकीच्या दुरुस्तीचा धोका

प्रोफाइल नेमणे आणि प्रोफाइलमध्ये रूपांतर करणे या भिन्न क्रिया आहेत. नेमताना आकडे कायम राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो. रूपांतरात आकडे बदलतात, पण रंग शक्यतो कायम राहतो. मोठ्या रंगावकाशातून लहान रंगावकाशात जाताना त्याच्या मर्यादेबाहेरचे रंग मात्र गमावले जाऊ शकतात आणि उलट रूपांतराने ते परत येत नाहीत.

दिसण्यातील फरक म्हणजे संचिकेतील दोष नव्हे. सदोष मॉनिटरवर फिकट दिसणाऱ्या छायाचित्राचे रंग वाढवून ते मूळ संचिकेवरच जतन केल्यास निर्दोष छायाचित्र कायमचे बिघडते. जुनी हस्तलिखिते, चित्रे किंवा घरगुती छायाचित्रे यांच्या डिजिटल प्रती जपताना म्हणूनच मूळ संचिका प्रोफाइलसह अबाधित ठेवून वितरणासाठी एसआरजीबीमध्ये रूपांतरित केलेली वेगळी प्रत तयार करतात.

निदान आणि मर्यादा

एकाच मॉनिटरवर एकच संचिका दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगळी दिसत असेल, तर कारण सॉफ्टवेअरच्या हाताळणीत शोधावे लागते. एकच सॉफ्टवेअर दोन पडद्यांवर भिन्न रंग दाखवत असेल, तर पडदा किंवा त्याचे प्रोफाइल तपासावे लागते. मॉनिटरचे अचूक प्रोफाइल रंगमापक उपकरणाने तयार करता येते.

रंग व्यवस्थापन काटेकोर असले तरी पूर्ण समानता साधत नाही. पडद्याचा उजळपणा, खोलीतील प्रकाश आणि रात्रीच्या वापरासाठी निळा प्रकाश कमी करणारी सोय यांचा परिणाम शिल्लक राहतो. शिवाय पडद्याला जे रंग उमटवताच येत नाहीत, त्यांच्या जागी जवळचे रंग दाखवले जातात.